तिरळ्या डोळ्याची बाज

लोक काशीला जातात, रामेश्वरला जातात, आणि परत आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना थोडं तीर्थ आणि पुष्कळ डोकेदुखी देतात. मी पुणतांब्याला गेलो. पाथर्डीच्या अंगाला असलेल्या आमच्या माळावरून पुणतांबं काही लंकेत नाही. मनात आणलं तर माणूस सकाळी निघून दिवेलागणीला पोचतो. मला वाटेत मुक्काम करावा लागला, कारण माझ्याबरोबर बाज होती.

बाज म्हणजे नुसती चौकट. बाभळीचे चार खूर, चार दांडे आणि मधे वारा. सुतळी नव्हती. आमच्याकडे माणूस गेलं की ते ज्या बाजेवर पडून होतं तिची सुतळी कापतात. का कापतात म्हणून विचारलं तर जाणती माणसं सांगतात, कापतात म्हणून. दुष्काळ सरला आणि त्याच भादव्यात आमची गिरजा गेली. मी तिरडीच्या पुढं मडकं धरून चालत होतो, तेवढ्यात मागं भावकीनं कोयत्यानं बाज मोकळी केली आणि सुतळी उकिरड्यावर नेऊन पेटवली. अशा कामाला भावकीला फार हुरूप. बाईला दवाखान्यात न्यायला गाडी मागितली होती तेव्हा प्रत्येकाच्या गाडीचं चाक मोडलेलं होतं.

त्या बाजेवर गिरजाची वीण होती. मोठ्या शंकरपाळ्याच्या पोटात लहान शंकरपाळं, त्याच्या पोटात आणखी बारकं, असं करत करत शेवटी आत एक डोळा. विणताना मी समोरच्या दांड्याशी बसायचो. नक्षी तिची आणि अंगमेहनत माझी. पण तो डोळा मधोमध नव्हता. चांगला वीतभर माझ्या बाजूला सरकलेला. आलागेला हसायचा, म्हणायचा, ‘बाज तिरळी हाय.’ गिरजा तोंड वर करून सांगायची, ‘आमच्या पुनतांब्याची रीत हाय ती. तुमाला न्हाई कळायची.’ बायकोनं माहेराचं नाव घेतलं की वाद संपतो, हे लग्न झालेल्याला सांगायला नको.

ती गेल्यावर लुगडी लेकींनी वाटून घेतली, जोडवी सुनेनं घेतली, तिचा पानाचा डबा कुणी नेला ते अजून कळलं नाही. माझ्या वाट्याला ही चौकट आली. मुलगा म्हणाला, नगरहून लोखंडी कॉट आणतो. म्हटलं, आण आणि तूच नीज. मी भुईवर निजायला लागलो आणि टक्क जागा राहायला लागलो. एकदा स्वतःच विणायला बसलो. जे झालं ते बघून सून म्हणाली, ‘मामंजी, हे कोंबड्या झाकाया चांगलं हाय.’ तेव्हा ठरवलं, वीण पुणतांब्याची आहे तर पुणतांब्याला जाऊन शिकायची, आणि तिचा तो डोळा परत बाजेवर आणायचा. नाही आला तर मी मरणार नव्हतो. पण झोपणारही नव्हतो.

सुतार म्हणाला, जुनं लाकूड आहे, सांधे उकलू नका, चिरतील. म्हणून चौकट तशीच एस.टी.च्या टपावर चढवली, उलटी, चार पाय आभाळाकडे. कंडक्टरनं टोपी मागं सारली.

‘बाबा, कोन गेलं?’

‘बायको.’

‘आन बाज कुठं चाल्ली?’

‘माहेरी.’

त्यानं टोपी पुढं ओढली आणि घंटी मारली.

घोडेगाव

बाजाराचा दिवस होता. घोडेगावात उतरलं की पहिली ओळख बैलाशी होते, माणसाशी मागून. इथं भाव तोंडानं सांगत नाहीत. उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात, आणि तोंडावर असा भाव ठेवतात की घरात मयत पडलंय. आमच्याकडे सोयरिकी अशाच जमतात, उपरणं तेवढं नसतं.

एक दलाल माझ्या बाजेभोवती फिरला. एक खूर हलवून बघितला.

‘म्हातारी हाय.’

‘व्हय. पर लाथ मारत न्हाई.’

‘इकायची?’

‘न्हाई.’

‘मंग बाजारात कशापाई आनली?’

‘हवा खायाला.’

कासरे आणि दावी विकणाऱ्यांच्या रांगेत एका म्हातारीकडे अंबाडीची सुतळी मिळाली. चांगली पिळदार, एकसारखी. म्हातारीनं बाजेकडे बघितलं, माझ्या बोडक्या डोक्याकडे बघितलं आणि समजली. नको ते विचारलं नाही, कामाचंच विचारलं, ‘कंची इनायची?’

‘पुनतांब्याची.’

‘आसली कंची इन न्हाई बाबा. गोम आसती, लहर आसती, शंकरपाळं आसतं. पुनतांबं कदी इनल्यालं न्हाई ऐकलं.’

मी म्हटलं, बाई, तू घोडेगावात बसलीस, तुला बैलाच्या दाव्यापलीकडचं काय कळणार. मनात म्हटलं, तोंडानं नाही. सुतळी अजून तिच्याच हातात होती. मग भजी खाल्ली. त्या भज्यांबद्दल एवढंच लिहितो की तुम्ही घोडेगावाला गेलात तर घरून भाकरी न्या.

शिंगणापूर

सोनईच्या बाजूचा एक शेतकरी नवा घेतलेला बैल गाडीमागं बांधून निघाला होता. त्यानं बाजेसकट मला गाडीत घेतलं आणि शिंगणापुरात त्याच्या बहिणीच्या ओसरीवर उतरवलं. या गावात घरांना दारं नाहीत हे तुम्ही ऐकलंच असेल. ऐकलेलं खोटं नाही. चौकट असते, आत मोकळं. मी आपली बाज त्या चौकटीला टेकवून ठेवली. दोघी एकाच दुखण्याच्या दिसल्या.

शनिदेवाच्या धाकानं चोरी होत नाही म्हणतात. पण त्या बहिणीच्या उंबऱ्यावर बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकलेली होती.

‘बाई, ही कशाला?’

‘कुत्र्यापाई. भाकरी पळिवत्यात.’

म्हणजे देवाला चोर भितात, कुत्री भीत नाहीत. कुत्र्याला साडेसाती लागत नसावी. आमच्याकडे प्रत्येक घराला दार आहे, दाराला कडी आहे, कडीला कुलूप आहे, आणि आत चोरण्यासारखं काही नाही. कोण जास्त शहाणं ते तुम्ही ठरवा.

सकाळी दर्शनाला गेलो. बाज ओसरीवर ठेवायला काय हरकत होती? पण माझा त्या गावावर विश्वास बसला नव्हता, म्हणून ती खांद्यावर घेऊन गेलो आणि चौथऱ्यापासून थोड्या अंतरावर उलटी ठेवून वर सुतळीचा गुंडा ठेवला. तेवढ्यात ओलेत्यानं एक भक्त आला, हातात तेलाचं भांडं. पाय वर केलेली रिकामी बाज बघून त्याला वाटलं, कुणीतरी घरातली पीडा उतरवून इथं आणून टाकलीय. त्यानं देवाला अर्धं तेल घातलं आणि उरलेलं माझ्या गुंड्यावर.

‘आरं भल्या मानसा, सुतळी हाय ती!’

‘आसू द्या की बाबा. सुतळीची बी पीडा जाईल.’

सुतळीची गेली असेल. माझी तिथून सुरू झाली. तेलकट गुंडा कडेवर लहान पोर घेतल्यासारखा धरून मी राहुरीला गेलो आणि आगगाडीत बसलो. बाजेला गार्डाच्या डब्यात जागा मिळाली, मला मिळाली नाही.

पुणतांबा

गाडीतून बघावं तिकडं ऊस. पाट वाहताहेत, बांधावर केळी, माणसांच्या अंगावर मांस. आमच्याकडे दुष्काळात माणसं रस्त्यावर खडी फोडून सुकडी खात होती. इकडं दुष्काळ म्हणजे चहात साखर कमी. खोटं असेल, पण त्यांच्या बोलण्यावरून मला तसं वाटलं. पारावर बसून जो तो साखर कारखान्याबद्दलच बोलतो. ऊस किती गेला, तोडणीची टोळी कधी येणार. देवाचं नाव घेतलं तरी ते ट्रॉलीवर लिहिलेलं असतं.

गोदावरीचा घाट मात्र चांगला आहे. त्याला मी काही बोलणार नाही. पाणी बघितलं की आमच्याकडच्या माणसाची जीभ तशीही बंद होते.

गिरजाची धाकटी बहीण अनसूया गावातल्या गावातच दिलेली. नवरा केव्हाच गेला. गुडघेही गेलेत, जीभ शाबूत आहे. गुडघ्यांपायी तिला गिरजाच्या मातीला येता आलं नव्हतं. मी अंगणात बाज उतरवली. तिनं उंबऱ्यावर बसूनच बघितलं.

‘दाजी, अक्काला आनायचं सोडून अक्काची बाज आनली व्हय?’

‘ती येती तर मी कशाला आलो असतो?’

मग ती रडली. मी विहिरीवर जाऊन पाय धुतले, हातही धुतले, पुन्हा पाय धुतले. परत आलो तेव्हा ताटात गव्हाच्या चपात्या होत्या आणि आमटीत गूळ होता. भातावर तूप, तुपावर साखर. म्हटलं, ‘अनसे, तिखट काय हाय का घरात?’ ती म्हणाली, ‘तुमी आला न्हाई का.’

जेवताना मी येण्याचं कारण सांगितलं. पुणतांब्याची रीत, शंकरपाळ्यातलं शंकरपाळं, कडेला सरकलेला डोळा. तिचा घास हातात राहिला.

‘कडंला डोळा, आन आमचा? आसली बाज आमच्या आईनं अंगनात ठिवली नसती. शंकरपाळं इनायची अक्का, ते खरं. पर डोळा मधोमध. ही कसली पुनतांब्याची रीत?’

‘ती तर म्हनायची, म्हायेरची हाय.’

‘आन आमी तुमच्याकडं येऊन त्या तिरळ्या बाजंला हसलो, तवा आमाला म्हनायची, सासरची हाय. दाजीच्या आईनं शिकिवली म्हनायची.’

माझ्या आईला आयुष्यात गोवरी सोडून काही गोल थापता आलं नाही, शंकरपाळं तर लांबच. एक बाई मरते, आणि मग कळतं की ती दोन्ही गावांना सारखंच बनवत होती.

आणखी एक गोष्ट त्याच जेवणात कळली. पुणतांब्यात गेलेल्या माणसाची बाज कापत नाहीत. गोमूत्र शिंपडतात, उन्हात टाकतात आणि वापरतात. मी ताटावरून उठलो. चपाती उरली ती उरली.

पुणतांबा, दुसरा दिवस

अनसूयाचा मुलगा श्रीरंग हायस्कुलात गणित शिकवतो. सकाळी त्याच्या बायकोनं दारात ठिपक्यांची रांगोळी काढली, तर हा दात घासता घासता ठिपके मोजून तिला सांगतो, ‘उजवीकडं एक कमी पडला.’ संसार टिकलाय तो त्या बाईमुळं.

सरकारनं शाळेत नवं गणित आणलंय म्हणे. त्यानं मला समजावून सांगितलं. बैलांचा एक संच, गाईंचा एक संच.

‘काका, आता जे बैलही आहे आणि गायही आहे, असं काय?’

‘असं काय नसतंय.’

‘बरोबर! त्याला रिक्त संच म्हणायचं. चौकट असते, आत काही नसतं.’

‘म्हंजी माझी बाज.’

मास्तर खूश झाला. त्याच्या विद्यार्थ्यांना हे इतक्या लवकर समजत नाही म्हणाला. मी म्हटलं, त्यांच्या बायका अजून मरायच्या आहेत. मग त्यानं वर्तमानपत्र उघडलं, आणि बराच वेळ ते उलटं धरून वाचत राहिला.

पोरगा वाईट नाही. शाळेतून चौकटीचौकटीचा कागद आणला, मला विचारून विचारून वीण उतरवली. दोन दोऱ्या वर, दोन खाली, पुढच्या ओळीत एक सरकवायची. मी बोटांनी सांगत होतो आणि कागदावर एकेक शंकरपाळं उमटत होतं. मी चौथी शिकलोय. मला वाटायचं गणित म्हणजे व्याज. हातानं आयुष्यभर जे बघितलं ते कागदावर उमटताना बघून बरं वाटलं, हे कबूल करतो. पण डोळा मधोमध आला.

‘कडंला घे.’

‘काका, तो कडेला येऊच शकत नाही. दोन्हीकडच्या ओळी सारख्या आहेत. समान आहे सगळं.’

‘गिरजाचा येत हुता.’

‘मग तुमच्या सांगण्यात काहीतरी चुकतंय.’

अनसूयानं सुतळी राखेनं चोळून तेल काढलं. मी शनीला ठेवली नव्हती तेवढी नावं तिनं तेल काढताना ठेवली. मग मायलेक विणायला बसले. तो कागद बघून ओरडायचा, ‘दोन वर, दोन खाली,’ आणि ती म्हणायची, ‘मला नगं शिकवू, तुला मी शिकिवलं चालायला.’ संध्याकाळपर्यंत बाज झाली. शंकरपाळ्याच्या पोटात शंकरपाळं, रेघ अन् रेघ सरळ, डोळा नेमका मधोमध. गल्ली जमली. पुणतांब्यात आता सगळ्यांच्या घरी नवार पट्टीचे पलंग, त्यामुळं सुतळीची बाज बघायला लोक असे आले की जणू वाघ आणलाय. जो तो म्हणाला, वा.

मी म्हटलं, ‘उसवा.’

‘का वो?’

‘ही शाळंची बाज हाय. तिची न्हाई.’

‘दाजी, तुमी मानूस हाय का कातर?’ अनसूया ओरडली. ‘माझी कंबर मोडली हितं. भावकीनं येकदा कापली, आता तुमी कापा!’

मी कापली नाही. उशाकडून टोक सोडलं आणि ओळ ओळ उसवत बसलो. गल्लीतली माणसं एकेक करून निघून गेली, लग्न मोडल्यावर जातात तशी.

पुणतांबा, तिसरा दिवस

मास्तरचा अपमान झाला होता. सुटीचा दिवस होता, तरी तो मला घाटावर घेऊन गेला. एका जुन्या देवळाच्या भिंतीवर त्यानं बोट ठेवलं. दगडात कोरलेली शंकरपाळी, एकात एक, आत फूल.

‘बघा काका. शेकडो वर्षांपूर्वीचं. फूल कुठं आहे?’

‘मधी.’

‘मग? नक्षीचा नियम असतो.’

मला राग आला. बायको मेल्यापासून मला नियम सांगणारी माणसं फार भेटलीत.

‘दगडाचं काय घिऊन बसलास? दगडाला कोन वढतंय?’

मास्तर पाटीकडे बघत राहिल्यासारखा भिंतीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला.

‘काका, तुमची सुतळी कोण ओढायचं?’

‘मीच. ती उचलायची, दाबायची आन सोडायची. मी माझ्या दांड्याशी बसून वढायचो.’

‘जोरात?’

‘मंग काय हळद लावत बसायचो? बाज ढिली पडती.’

तो मला देवाच्या पाया पडू न देता सायकलच्या दुकानात घेऊन गेला. फुटक्या ट्यूबची एक पट्टी मागितली. खडूनं तिच्यावर सारख्या अंतरानं आडव्या रेघा मारल्या, बरोबर मधे फुली काढली. तिचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, अर्धी पट्टी मुठीत आवळून धरा. उरलेली अर्धी त्यानं आपल्याकडं ताणली. फुली माझ्या मुठीपाशी राहिली. रेघा दोन्हीकडं तेवढ्याच. माझ्याकडं दाटीवाटीनं बसलेल्या, त्याच्याकडं ऐसपैस.

‘मावशीनं नक्षी बरोबरच विणली होती,’ तो म्हणाला. ‘अगदी कागदावरची. तुमच्या बाजूच्या दोऱ्या ओढून ओढून एकमेकींवर चढल्या, तिच्या बाजूच्या सैल राहिल्या. डोळा तुमच्याकडे आला. काका, ही मूठ तुमची.’

सायकलवाला म्हणाला, पट्टी ठेवून जा. मी मूठ सोडली.

घरी येऊन मास्तरनं आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती आता जीभ सोडणार. ती आधी हसली, पदर तोंडात धरून, खोकला येईपर्यंत.

‘म्हंजी अक्कानं सरळ इनली आन तुमी तिला तिरळी क्येली! आन ती लोकास्नी सांगत बसली, रीत हाय म्हनून! तुमचा वंगाळ हात झाकाया दोन गावं बनिवली की वो तिनं!’

हसता हसता तिचा आवाज फिरला. मी विहिरीकडं निघालो.

‘बसा हितंच,’ ती म्हणाली. ‘सारखं सारखं पाय धुऊन काय व्हतंय. घ्या सुतळी. तुमी तुमच्या दांड्याला बसा, मी अक्काच्या.’

बसलो. आता हे सोपं होईल असं तुम्हाला वाटेल. मला पण वाटलं. मी ओढायचो आणि ती सोडायची, एवढंच काम. पण अनसूयाच्या हातातून सुतळी सुटेना. मी एक हिसका दिला की ती दोन द्यायची. ओळी दोन्हीकडं अशा कसल्या गेल्या की बाज तंबोऱ्यासारखी वाजायला लागली. अर्ध्यावर आलो तेव्हा मास्तरनं वाकून बघितलं आणि म्हणाला, ‘डोळा मधेच येणार. तुम्ही दोघंही ओढताय.’

‘अनसे, ढिलं सोड की.’

‘आमच्या घरान्यात ढिलं सोडायची सवय न्हाई.’

‘मंग गिरजाला कुठनं लागली?’

‘तुमच्या घरात,’ ती म्हणाली.

मी उशाकडचं टोक सोडलं. सगळं उसवलं, पुन्हा पहिल्यापासून बसलो. या खेपेला तिनं सुतळी मुठीत धरलीच नाही. दोन बोटांवरून नुसती जाऊ दिली. मी ओढली की तिची बोटं सुतळीमागं येत, आणि सुतळी थांबली की थांबत. प्रत्येक ओळीला तिचा जबडा आवळला जात होता. भांडण गिळणारी बाई मी कधी इतक्या जवळून बघितली नव्हती. बघितली असेल, पण बघत नव्हतो. एकदा मी मुद्दाम हळू ओढली, तर तीच ओरडली, ‘वढा की! आता का मऊ झाला? तुमच्या हातानं यायला पायजे ना ती?’

ओढली. जशी ओढत होतो तशीच.

डोळा आला. माझ्याकडं सरकलेला. गिरजाचा वीतभर सरकायचा, हा चार बोटं. मास्तर पट्टी लावून मोजत होता आणि फार आनंदात होता. वर्गात हे उदाहरण घालतो म्हणाला.

‘उत्तर काय येतंय?’ मी विचारलं.

‘ते ओढणाऱ्यावर अवलंबून आहे.’

‘मंग परीक्षेत घालू नगंस. मास्तर नापास व्हत्याल.’

अनसूया हाताची बोटं तेलात बुडवून बसली होती. सुतळीनं सोलून निघाली होती. मी म्हटलं, ‘चार बोटं बी लई झाली.’ ती म्हणाली, ‘अक्काइतकं सोडायला मला दुसरा जल्म घ्यावा लागंल. आन मी न्हाई घ्यायची.’

निघताना तिनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. तिखट होती. तीन दिवस कुठं लपवून ठेवली होती कोण जाणे.

घरी

येतानाच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बाज विणलेली असली की तिच्याकडं कुणी बघत नाही.

पडवीत भिंतीला लावून बाज टाकली. सुनेनं पोतेरं करता करता बघितलं, पोतेरं खाली ठेवलं, आणि बाजेच्या डोळ्यावरून एकदा हात फिरवला. कोंबड्यांचं नाव काढलं नाही. तिचं ते पहिलंच शहाणपण.

दुपारी जेवून मी आडवा झालो. सवयीनं माझ्या बाजूला, डोळ्याकडच्या. पाठ टेकली तर फळीवर पडल्यासारखं. कडक, ताठ, कुठं जागा नाही. मी आयुष्यभर याच बाजूला निजलो, घरधन्याची बाजू म्हणून. कूस बदलली, पुन्हा बदलली, आणि सरकत सरकत पलीकडं गेलो, जिथं सुतळी सैल होती. तिथं बाजेनं मला खाली घेतलं. खांद्याला जागा दिली, कमरेला दिली, दुखरा गुडघासुद्धा नीट बसला.

आजारात गिरजा याच कडेला पडून असायची. मी म्हणायचो, अगं मधी सरक, पडशील. ती म्हणायची, ‘ऱ्हाऊ द्या. हितंच बरं हाय.’

बरं आहे. मला दिवे लागेपर्यंत जाग आली नाही.